पहिली बादली वेगळी

नारायणगुड्यातल्या इडली-डोशाच्या बंडीवर ज्या पाण्यात ताटल्या विसळल्या जातात, ते पाणी बहुधा महाराष्ट्रात उगम पावलेल्या नदीचं असतं. हैदराबादला आज मुख्यतः कृष्णा, गोदावरी आणि मांजरा या नद्यांचं पाणी मिळतं. पहिली महाबळेश्वरची, दुसरी त्र्यंबकेश्वरची आणि तिसरी बीड जिल्ह्यात पाटोद्याकडच्या बालाघाट डोंगरातून निघणारी. यातलं कृष्णेचं पाणी नागार्जुनसागरच्या जलाशयातून शंभराहून अधिक किलोमीटर नळांतून येतं आणि वाटेत ते तीनशे मीटरहून जास्त वर चढवावं लागतं. नुसत्या उंचीचा हिशेब केला तरी दर हजार लिटरमागे जवळजवळ एक युनिट वीज जाते. पंपांची आणि घर्षणाची तूट वेगळी. इतक्या लांबून आणलेलं पाणी ताटलीवरून एकदा फिरतं आणि गटारात पडतं. उन्हाळ्यात दुभाजकांवरच्या झाडांना मात्र टँकरने पाणी घालावं लागतं.

बंडीचं हे पाणी झाडापर्यंत नेता येतं. त्यामागचं शास्त्र जुनं आहे, लागणारी साधनंही फारशी महाग नाहीत. मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला की टाकी तुंबते, वास सुटतो, हिरवळ पिवळी पडते आणि महिन्याभरात सगळी व्यवस्था बंद होते. म्हणून तो क्रम नीट समजून घ्यायला हवा.

आधी जागेविषयी थोडं. नारायणगुडा हिमायतनगर, चिक्कडपल्ली, बरकतपुरा आणि काचीगुडा यांच्या मधोमध आहे. महाविद्यालयं, शिकवण्या, वसतिगृहं, दवाखाने, भाजीबाजार आणि २०२० पासून मेट्रोचं स्थानक. मराठवाड्यातून येऊन हैदराबादेत नामांकित वकील आणि पुढे न्यायमूर्ती झालेल्या केशवराव कोरटकरांच्या (१८६७–१९३२) नावाची केशव मेमोरियल शिक्षणसंस्था इथलीच. विद्यार्थी आणि नोकरदार जिथे दाटीने राहतात तिथे उभ्याउभ्या खाण्याची सोयही दाटीने होते. सकाळी इडली, वडा, उपमा, डोसा, संध्याकाळी मिरची भजी, पुनुगुलू, नूडल्स, चहा दिवसभर. चाकांच्या गाडीला इथे बंडी म्हणतात आणि हैदराबादचा मराठी माणूसही तेच म्हणतो.

बंडीचं पाणी सध्या रस्त्याकडेच्या नालीत किंवा मॅनहोलच्या जाळीत जातं आणि शहराच्या मैलापाण्यात मिसळतं. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्या यांना हैदराबादेत बोलावलं गेलं आणि त्यांच्या आखणीतून शहराची भुयारी गटारव्यवस्था उभी राहिली. तेव्हाच्या काही लाख वस्तीसाठी केलेली ती सोय आज कोटीच्या घरातल्या शहराला वाढवत वाढवत आणली आहे. या बाजूचा उतार मुसीकडे, अंबरपेठच्या दिशेने. तिथे रोज ३३९ दशलक्ष लिटर मैलापाणी घेण्याच्या क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र आहे. मग बंड्यांचं थोडंसं पाणी वेगळं शुद्ध करण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न रास्त आहे.

त्याची कारणं दोन. बंडीचं पाणी शौचालयाच्या पाण्यात मिसळण्याआधी पकडलं, तर त्यात रोगजंतूंचा भार खूप कमी असतो. एकदा मिसळलं की सगळंच मैलापाणी होतं. आणि गटारांचं सगळ्यात जास्त नुकसान करणारी वस्तू याच पाण्यात असते, ती म्हणजे तेल. गरम पाण्याबरोबर पातळ होऊन गेलेलं तूप-तेल थंड नळात गोठतं, पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखा कडक थर धरतं, त्यात चिंध्या आणि प्लास्टिक अडकतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली असा गोळा सापडला. त्याची लांबी २५० मीटर होती आणि वजन १३० टन. आपल्याकडे एवढा मोठा गोळा व्हायच्या आतच मॅनहोल उफाळून रस्त्यावर वाहू लागतं.

शहराच्या एकूण मैलापाण्यापुढे बंड्यांचं पाणी नगण्य आहे, त्याने अंबरपेठचा भार हलका होणार नाही. फायदा होईल तो गल्लीतल्या गटाराला आणि जवळच्या हिरवळीला. माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

या पाण्यात नेमकं काय असतं? घाण किती हे मोजायचं नेहमीचं माप म्हणजे बीओडी. पाण्यातले जिवाणू ती घाण खाताना किती प्राणवायू वापरतील, त्याचा हा आकडा. घरगुती मैलापाण्यात तो लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. खाद्यपदार्थांच्या पाण्यात हजारावर सहज जातो, आणि त्याचं कारण ताटलीत उरलेलं अन्न. एक लिटर दुधाचा बीओडी सुमारे एक लाख मिलिग्रॅम आहे, म्हणजे चहावाल्याने नासलेलं लिटरभर दूध ओतलं तर हजार लिटर स्वच्छ पाणीही शंभराच्या आकड्याला पोचतं. एक ग्रॅम तेल पूर्ण कुजवायला जवळजवळ तीन ग्रॅम प्राणवायू लागतो. एक ग्रॅम पिष्टाला सव्वा ग्रॅमच्या आत. शिवाय इडलीच्या पिठाचे बारीक कण, खोबऱ्या-शेंगदाण्याची चटणी, चहापत्ती, भांडी घासायची पावडर आणि मीठ.

यांतल्या मिठाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि पुढे बागेत सगळ्यात जास्त त्रास तेच देतं. अन्न कुजतं, तेल तरंगतं, पिठाचा गाळ बसतो. मीठ यांपैकी काहीच करत नाही. जिवाणू ते खात नाहीत, वाळूत ते अडकत नाही, तुरटीने खाली बसत नाही. ते काढायचं तर आरओसारखी यंत्रणा हवी, आणि बंडीच्या पाण्यासाठी ती परवडणारी नाही. म्हणून मीठ पाण्यात शिरूच न देणं हाच मार्ग राहतो, आणि सगळी गोष्ट ताटली विसळणाऱ्या माणसाच्या हातात येते.

बंडीवरची विसळण्याची पद्धत कुणीही पाहिलेली आहे. तीन बादल्या. पहिलीत ताटली बुडवून खरकटं सोडवायचं, दुसरीत साबणाने घासायचं, तिसरीत धुवून काढायचं. दिवसाला समजा शंभर लिटर पाणी लागत असेल, तर पहिल्या बादलीचं पाणी त्यात दहाएक लिटर असेल. पण जवळजवळ सगळं सांबार, चटणी आणि तेल त्या दहा लिटरांत असतं. सांबारात मीठ साधारण एक टक्का, म्हणजे लिटरमागे आठ-दहा ग्रॅम. दिवसभरात ताटल्यांमधून दहा लिटर सांबार-चटणी परत आली, तर शंभर ग्रॅमच्या आसपास मीठ पाण्यात गेलं. ते शंभर लिटरांत पसरलं की लिटरमागे हजार मिलिग्रॅम मीठ वाढतं. घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला येणारा माणूस जे टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून दाखवतो, तो आकडा एकदम हजाराने वर जातो.

आता तेच पाणी दुसऱ्या रीतीने वागवू. ताटली पाण्यात घालण्याआधी रबरी पट्टीने किंवा केळीच्या पानाच्या तुकड्याने निपटून काढायची आणि ते खरकटं झाकणाच्या डब्यात टाकायचं. मग पहिली बादली, आणि तिचं पाणी इतर पाण्यात न ओतता खरकट्याच्याच डब्यात. दुसऱ्या-तिसऱ्या बादलीचं पाणी तेवढं शुद्धीकरणाला. तिसऱ्या बादलीचं पाणी टाकण्याऐवजी पुढच्या फेरीला दुसरीत आणि दुसरीतलं थोडं पहिलीत वापरलं, तर एकूण पाणीही कमी लागतं. हॉटेलांच्या मोठ्या भांडी धुण्याच्या यंत्रांत हेच तत्त्व असतं. या एका सवयीने मीठ आणि तेल यांचा मोठा भाग टाकीच्या दारातच थांबतो. पुढची कुठलीही यंत्रणा एवढं काम इतक्या स्वस्तात करू शकत नाही.

हैदराबादेत बऱ्याच बंड्यांवर ताटलीवर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून देतात, म्हणजे ताटली विसळावीच लागत नाही. पाणी वाचतं हे खरं, पण गरम सांबाराखाली प्लास्टिक आणि मग त्याचा ढीग, हा सौदा मला मान्य नाही. केळीचं पान किंवा पळसाची पत्रावळ असेल तर गोष्ट वेगळी. ती खरकट्यासकट एकाच डब्यात जाते.

गोळा झालेल्या पाण्याची पहिली भेट तेलाच्या सापळ्याशी. बाजारात याला ग्रीस ट्रॅप म्हणतात. आत दोन आडभिंती असलेली पेटी, एवढीच तिची रचना. पाणी एका टोकाने शांतपणे आत येतं, तेल वर तरंगतं, जड कण तळाशी बसतात आणि मधल्या थरातलं पाणी दुसऱ्या टोकाच्या आडभिंतीखालून बाहेर पडतं. सगळं काम पाणी आत किती वेळ थांबतं यावर अवलंबून असतं. तेलाचा थेंब पाण्यात किती वेगाने वर येईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.१५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर चढतो. ४० सेंटिमीटर खोल पेटीत तो सात मिनिटांच्या आत पृष्ठभागावर पोचेल. थेंब त्याच्या दहाव्या हिश्श्याचा असेल तर वेग शंभरावा हिस्सा होतो, आणि त्याला तेवढ्याच अंतराला अकरा तास लागतात. पेटीत पाणी अर्धा तास थांबतं असं धरलं, तर पहिला थेंब पकडला जातो आणि दुसरा निसटतो.

थेंब बारीक कशाने होतात? साबणाने, गरम पाण्याने आणि खळबळाटाने. दुधात तूप असतं पण दिसत नाही, तसं साबणाच्या पाण्यात तेल दडून बसतं. म्हणून सापळ्यात गरम पाणी ओतायचं नाही, बादली उंचावरून रिकामी करायची नाही, आणि घासायची पावडर बेताने वापरायची. तेल दडलंच असेल तर तुरटीने ते मोकळं होतं. पण तुरटी किती घालायची हे पाच-सहा ग्लासांत वेगवेगळी मात्रा घालून पाहूनच ठरवावं लागतं, आणि त्याचा गाळही वाढतो. मी तुरटीला शेवटचा उपाय मानतो.

आकाराचा अंदाज हवा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा एका ओळीत तीस बंड्या आहेत आणि पहिली बादली वगळून प्रत्येकीचं ९० लिटर पाणी येतं. रोजचे २,७०० लिटर झाले. यातलं निम्मं सकाळच्या दोन तासांत येतं असं धरलं तर तासाला पावणेसातशे लिटर. अर्ध्या तासाच्या मुक्कामाला साडेतीनशे लिटर जागा हवी. गाळ आणि तेलाच्या थरासाठी वाढवून पाचशे-सहाशे लिटरची पेटी घ्यावी. तेल आणि गाळ मिळून पेटीचा पाव भाग व्यापला की ती उपसायची, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. खाण्याच्या गल्लीत ही वेळ लवकर येते. बसवलेले कितीतरी सापळे वेळेवर न उपसल्यानेच निकामी होतात, कारण भरलेल्या सापळ्यातून तेल सरळ पुढे जातं आणि बाहेरून काही कळत नाही.

ही पेटी उथळ आणि वरून पूर्ण उघडणारी असली पाहिजे, म्हणजे जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या झाऱ्याने तेल काढता येईल. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून साफसफाई करणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि बंद टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू काही श्वासांत माणूस बेशुद्ध पाडतो. आपल्या शहरांत ही कामं कोण करतं आणि त्यांत कुणाचा जीव जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. आराखडा काढतानाच आत उतरण्याची गरज संपवली पाहिजे.

सापळ्यातून निघालेलं पाणी आता साठवण टाकीत येतं. हिचं काम सकाळ-संध्याकाळची गर्दी आणि दुपारची शांतता यांची सरासरी काढणं. इथे एक गोष्ट जपायची असते. इडलीच्या पिठाचं पाणी काही तासांत आंबतं. लॅक्टिक आम्लाने त्याचा पीएच पाचच्या खाली येऊ शकतो, आणि पुढच्या टाकीतल्या मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना सातच्या आसपासचा पीएच लागतो. म्हणून साठवण लहान ठेवायची आणि पाणी दिवसभर थोडं थोडं पुढे सोडायचं. गरज पडली तर चुन्याची निवळी. धुण्याचा सोडा वापरला तरी पीएच वाढतो, पण त्याबरोबर सोडियम येतो आणि तो आपल्याला नको आहे.

पुढची टाकी बंद, ओळीने चार-सहा कप्प्यांची. प्रत्येक कप्प्यात पाणी वरून खाली आणि मग खालून वर असं वळसे घेत जातं आणि तळाच्या गाळातून झिरपतं. त्या गाळात हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात, ते अन्नाचे कण खाऊन वायू सोडतात. वीज लागत नाही, हलणारा भाग नाही. हैदराबादच्या हवेत हे जिवाणू बारा महिने काम करतात. युरोपातल्या थंडीत हीच टाकी सुस्तावते. दोन दिवसांचा मुक्काम द्यायचा तर सुमारे साडेपाच हजार लिटरची टाकी हवी. सुरुवातीला चालू गोबरगॅसमधला किंवा सेप्टिक टँकमधला थोडा गाळ विरजणासाठी घालावा लागतो आणि टाकी बसायला दोन-तीन महिने जातात. त्या काळातलं पाणी बागेला द्यायचं नाही, गटारात सोडायचं. हा धीर नसल्याने कितीतरी योजना उद्घाटनानंतर लगेच बदनाम होतात. वायू बाहेर जाण्याचा नळ झाडांच्या उंचीच्या वर न्यावा, नाहीतर शेजारचे लोक पहिल्याच आठवड्यात तक्रार करतील आणि ती योग्यच असेल.

टाकीतून बाहेर पडलेलं पाणी अजून काळसर आणि वासाचं असतं. ते झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यात जातं. तळाला प्लास्टिकचं जाड अस्तर, वर साठ-सत्तर सेंटिमीटर खडी, तिच्यात कर्दळ, पाणकणीस किंवा बोरू. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहतं, वरून वाफा कोरडा दिसतो, त्यामुळे डास होत नाहीत. खडीवर आणि मुळांवर जिवाणूंचा थर धरतो, मुळांजवळ थोडा प्राणवायू मिळतो, दूर तो नसतो. दोन्ही प्रकारच्या जिवाणूंना जागा मिळते आणि उरलेली घाण संपते. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती वापरली गेली. महाराष्ट्रात अनेक जणांना हे नाव त्यामुळे परिचित आहे.

वाफा केवढा हवा? आपल्या २,७०० लिटरांत बीओडी लिटरमागे ८०० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला सव्वादोन किलोच्या आत घाण येते. सापळा आणि साठवण यांत तिसरा हिस्सा जातो, बंद टाकीत उरलेल्याचा दोनतृतीयांश. वाफ्यापर्यंत पोचते ती जेमतेम अर्धा किलो. चौरस मीटरला दिवसाला दहा ग्रॅम हा सावध हिशेब ठेवला तर पन्नास चौरस मीटर जागा लागते, म्हणजे बागेचा एक कोपरा. कर्दळ फुललेली असते तेव्हा तो कोपरा बागेचाच भाग दिसतो.

मात्र हा वाफा पाणी पितोही. एप्रिल-मेच्या हैदराबादी उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं तर पन्नास चौरस मीटरवरून चारशे लिटर गेले. हाती राहिले २,३००. मीठ मात्र उडत नाही, तेवढंच राहतं; म्हणजे पाणी सुमारे सतरा टक्क्यांनी अधिक खारं झालं. पहिली बादली बाजूला ठेवण्याचा आग्रह इथे पुन्हा कामी येतो.

आता प्रश्न येतो आरोग्याचा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत जमिनीवर सिंचनासाठी सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा आहेत. बीओडी लिटरमागे १००, तरंगते कण २०० आणि तेल १० मिलिग्रॅम. वर सांगितलेली व्यवस्था नीट चालली तर पहिल्या दोन सहज पाळल्या जातात, तिसरीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. पण ज्या हिरवळीवर मुलं लोळतात तिथे एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. या पाण्यात शौचालयाचं पाणी नसलं, तरी गिऱ्हाइकांनी हात धुतलेले असतात, चूळ भरलेली असते, कच्च्या भाज्या धुतलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सार्वजनिक हिरवळीसाठी शंभर मिलिलिटरमागे २०० विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा सुचवली होती. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना आणि खेळाच्या मैदानांना ती १,००० होती. लोकांचा थेट स्पर्श होणाऱ्या हिरवळीला त्यांनी पाचपट कडक मानलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून वाफ्यानंतर वाळूची गाळणी आणि मग ब्लीचिंग पावडर किंवा अतिनील दिवा. क्रम उलटा केला, म्हणजे न गाळलेल्या पाण्यात क्लोरिन घातलं, तर ते घाणीशीच संपून जातं आणि जंतू शिल्लक राहतात. पाणी देताना फवारा टाळायचा. ठिबकची नळी मातीखाली दहा सेंटिमीटर पुरली तर पाण्याला कुणाचा हात लागत नाही, आणि बाष्पीभवनही कमी होतं. पाणी पहाटे किंवा रात्री, बाग बंद असताना. नळ्या जांभळ्या रंगाच्या ठेवण्याचा संकेत अनेक देशांत आहे. तोटीवर मात्र तेलुगू, उर्दू आणि हिंदीत ‘पिण्याचे पाणी नाही’ असं लिहायलाच हवं, कारण उन्हाळ्यात तहानलेला माणूस रंगाचा संकेत पाहत नाही.

आता पुन्हा मिठाकडे, कारण बागेचं भवितव्य त्यावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मापाने टीडीएस ४५० च्या खाली असेल तर पाणी कुठल्याही झाडाला चालतं. ४५० ते २,००० च्या दरम्यान काळजी घ्यावी लागते. २,००० च्या वर ते बहुतेक झाडांना नको. बंडीचं पाणी, पहिली बादली काढूनही, बहुधा मधल्या पट्ट्यात राहील. मिठातला आणि साबणातला सोडियम मातीच्या कणांची बांधणी मोडतो. चिकणमाती विस्कटते, पृष्ठभागावर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या अतिपाण्याने खराब झालेल्या चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचं रूप सांगायला नको. हैदराबादचं नशीब थोडं बरं आहे. ग्रॅनाइट झिजून झालेली इथली तांबडी, वाळूमिश्रित माती, जिला तेलंगणात चलका म्हणतात, पाणी लवकर खाली सोडते आणि काळ्या मातीइतकी सोडियम धरून ठेवत नाही. तरीही बागांतून बाहेरची काळी माती आणून टाकलेली असते, तेव्हा खणून पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये.

झाडं निवडताना हरळी पहिली. खारं पाणी तिच्याइतकं कमी गवतांना सोसतं. दुभाजकांवरची कण्हेर आणि बोगनवेल हेही तसेच काटक. गुलाबाला हे पाणी देऊ नये, त्याची पानं कडेने करपतात. फळझाडं आणि पालेभाज्या यांना तर मुळीच नाही. २,३०० लिटर पाण्यात उन्हाळ्यात चौरस मीटरला पाच लिटर या हिशेबाने साडेचारशेहून थोडी अधिक चौरस मीटर हरळी जगते. जवळचं इंदिरा पार्क अख्खं भिजवायची गोष्ट कुणी करू नये. एखादं कॉलनी-उद्यान किंवा दुभाजकाचा लांब पट्टा, एवढाच हा पल्ला.

खरकट्याचा डबा आणि सापळ्यातलं तेल यांचं काय करायचं? याचं उत्तर हैदराबादेतच तयार आहे. बोयनपल्लीच्या भाजीबाजारात तार्नाक्याच्या आयआयसीटी या रसायन संशोधन संस्थेच्या तंत्राने चालणारा बायोगॅस प्रकल्प आहे; रोजच्या सुमारे दहा टन भाजीकचऱ्यातून तो पाचशे युनिटच्या आसपास वीज देतो. खरकटं आणि थोड्या प्रमाणात तेलाची साय हे अशा प्रकल्पांचं उत्तम खाद्य आहे. तळणीचं जुनं तेल मात्र यात घालायचं नाही. ते वेगळ्या कॅनमध्ये. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने, वारंवार तापून बनणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल पुन्हा वापरता येत नाही, आणि असं तेल जमा करून त्याचं बायोडिझेल करणारी साखळी त्याच वर्षापासून उभी राहते आहे. मिरची भजीवाल्याला त्या तेलाचे पैसे मिळतात, म्हणून ते गटारात जाणं थांबतं. पाण्याच्या शुद्धीकरणाला याहून मोठी मदत नाही.

हे सगळं चालवायचं कुणी? बंडीवाल्यावर नवा खर्च लादला तर तो जाळीतच पाणी ओतेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याची रोजची कमाई तासांवर मोजली जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. पाणी ओतायची जागा बंडीपासून वीस-तीस पावलांत हवी की नको, सापळा कुठे बसावा, उपसायला कोण येणार, हे त्या समितीत ठरलं तर टिकेल. टाकी, वाफा, जंतुनाशन आणि एका माणसाचा पूर्ण पगार महानगरपालिकेच्या उद्यान विभागाच्या खात्यावर असावा, कारण टँकरचा खर्च त्यांचाच वाचतो. विक्रेत्याच्या वाट्याला दोन कामं: ताटली निपटणं आणि पहिली बादली वेगळी ठेवणं.

तपासणीसाठी लांब जायला नको. अन्न आणि पाण्याचे नमुने तपासणारी इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन ही जुनी सरकारी संस्था नारायणगुड्यातच आहे. जिवाणूंची चाचणी महिन्यातून एकदा, तेल आणि बीओडी तीन महिन्यांनी. टीडीएस मात्र रोज, खिशात मावणाऱ्या मीटरने, वाफ्याच्या तोंडाशी. आकडा वहीत लिहायचा. तो एखाद्या दिवशी अचानक चढला तर ओळीतल्या कुणीतरी पहिली बादली टाकीत ओतली असं समजून त्याच दिवशी बंड्यांवर चक्कर मारायची.

जून ते सप्टेंबर बागेला या पाण्याची गरज नसते. तेव्हा वाफा चालू ठेवायचा, नाहीतर जिवाणू आणि कर्दळ दोन्ही मरतील, पण शुद्ध झालेलं पाणी गटारात सोडायचं. हैदराबादेत वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. उन्हाळाभर साठलेलं मीठ तो मुळांच्या खाली धुऊन नेतो. ऑक्टोबरात माती तपासून घ्यावी. सोडियम वाढलेला दिसला तर जिप्सम पसरून मिसळावं आणि एक-दोन वेळा साधं पाणी भरपूर द्यावं, मग पुन्हा बंडीचं पाणी सुरू करावं.